आजोळाची हद्द

"ह्याच्या पुढं आम्ही येत नाही, साहेब," पोलीस पाटील म्हणाले आणि कडुलिंबाखाली थांबले. त्यांच्या मागचे दोन्ही पंचही थांबले. एकानं तर उन्हात गेलेल्या वहाणा मागं ओढून सावलीत घेतल्या.

मोजणीच्या साखळीचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं माझे साखळीवाले बशीरभाई यांच्या हातात, असे आम्ही दोघेच उन्हात उभे होतो. समोर माळ होता. कुसळं, सीताफळीची झुडपं, मधूनच वर आलेला काळा दगड. चैत्र लागला होता. दहासुद्धा वाजले नव्हते, तरी पलीकडची टेकडी उन्हात हलायला लागली होती आणि तिच्या पायथ्याशी पाणी चमकल्यासारखं दिसत होतं. माझ्या नकाशात तिथं साधा ओढाही नव्हता.

"येत नाही म्हणजे? मग हद्द कोण दाखवणार?"

"हद्द आम्हाला माहीत नाही."

"जमीन तुमच्या गावची आणि हद्द तुम्हाला माहीत नाही?"

अंबादासराव पाटील सरळ माणूस. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. "हे आजोळ आहे, साहेब," ते हळू आवाजात म्हणाले. "बोरदऱ्यात तान्हं लेकरू गेलं तर इथं निजवतात. पण बापानं इथं पाऊल टाकायचं नाही. बापाचं पाऊल पडलं तर लेकरू त्याच्या मागं मागं घरी येतं म्हणतात. त्याचे हाल होतात. म्हणून गावातला पुरुष इथवरच येतो. बायासुद्धा ह्या लिंबापर्यंतच."

"मग नेतं कोण?"

"मामा. लेकराच्या आईचा भाऊ. खड्डा तोच घेतो, माती तोच देतो."

एकोणऐंशी सालची ही गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, भूमापक होतो, आणि जगातली कुठलीही गोष्ट तीन बाजूंनी मोजली की चौथी बाजू आपोआप कळते अशी माझी पक्की समजूत होती. बोरदऱ्याची फेरमोजणी माझ्याकडं आली होती. प्रत्येक तुकडा कुणाचा, किती आणि कशासाठी वापरात आहे, एवढं लिहायचं. ज्याचा वापर दिसणार नाही त्याला 'पड' लावायची. ह्या माळाच्या बाबतीत कचेरीतल्या साहेबांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं होतं की टेकडी आणि तिच्यालगतची पड खडी केंद्रासाठी कुणीतरी मागितली आहे, सोमवारी कागद टेबलावर पाहिजे. आज बुधवार होता.

बशीरभाई माळावर नजर फिरवून म्हणाले, "साहेब, आमच्याकडं कबरीला निदान उशा-पायथ्याला दगड तरी असतो. इथं काहीच नाही. मापायचं काय?"

त्यांचं खरं होतं. ना चौथरा, ना दगड, ना शेंदूर. समोर जे होतं ते कुणीही पड म्हणूनच लिहिलं असतं. मी पंचांना घरी पाठवलं आणि लिंबाखाली फळी मांडून बसलो. लिंब फुलला होता. वरून बारीक फुलं नकाशावर पडत होती आणि मी ती फुंकरीनं उडवत होतो. काम अडलं की मला झोप येते. ती खोड अजून आहे.

डोळा लागला असावा. उघडला तेव्हा समोर एक म्हातारी बसली होती. डोक्यावर पदर, हातात पितळी तांब्या, आणि माझ्याकडं बघणं असं, जणू मी तिच्याच अंगणात झोपलो होतो.

"ताक प्या, सायब," ती म्हणाली. "ऊन लागंल."

मी प्यायलो. तिचं नाव गयनाबाई. गावात सगळ्यांत वयानं मोठी, असं पाटलांनी नंतर सांगितलं.

"ह्याला पड लिवनार का तुमी?" तिनं विचारलं.

"मावशी, मला काही दिसत नाही तर मी काय लिहू? एखादा दगड तरी ठेवायचा होता."

"एवढ्याशा जिवावर दगूड कामून ठेवायचा? वझं व्हतं त्याला." तिनं तांब्या परत घेतला. "माझी तीन हायेत हितं. आता खडीवाले येऊन सुरुंग लावनार म्हन्तेत. निजल्या लेकराच्या उशाशी कुनी भांडं सुदिक वाजवत न्हाई, सायब."

मी सरकारी माणसासारखा प्रश्न विचारला. "ह्याला आजोळ का म्हणतात?"

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, आजा आणि कुळ मिळून आजोळ झालं. आईच्या बापाचं घर. माझ्या डोक्यात त्या शब्दाला एकच चित्र होतं. भर दुपार, शेणानं सारवलेली गार जमीन, आणि कुणीही उठवायला न येणं. मसणवट्याला हे नाव कसं पडावं ते मला कळत नव्हतं.

गयनाबाई माळाकडं तोंड करून बसली. बोलताना तिनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

"लई जुनी गोष्ट. माझ्या आजेसासूनं सांगितलेली. ह्या गावात एक सून व्हती. तिचं आठ दिसाचं लेकरू गेलं. सासरची म्हनली, आठ दिसाचं ते, ना नाव ना गाव, त्याला जागा कशाला पायजे? टाका वढ्यात. तवर तिचा भाऊ आला. घाटाखालून पायी आला व्हता. त्यानं लेकरू उचललं अन् गावापुढं हुबा ऱ्हायला. म्हनला, जागा द्या. गाव हसलं. जिथं कुसळाबिगर काय येत न्हाई त्यो माळ दावला, म्हनले, घे, ह्यो तुजा. त्यो म्हनला, माजा ना? मंग हे आमचं घर झालं. हितं येनारं लेकरू वढ्यात न्हाई गेलं. आजोळी आलं. तवापासून."

माळावर वारा नव्हता. तरी पलीकडची टेकडी डुलत होती. ही गोष्ट खरी असेल का, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही, आणि नंतरही पडू दिला नाही.

"तुमास्नी लेकरं किती?" तिनं एकदम विचारलं.

"नाहीत."

"झाली न्हाईत, का ऱ्हायली न्हाईत?"

हा प्रश्न चार महिन्यांत मला कुणी विचारला नव्हता. कचेरीतले सगळे जपून बोलायचे. मी नकाशावरची फुलं गोळा करत सांगितलं. माझी बायको मंदा बाळंतपणाला कळंबला माहेरी गेली होती. मुलगा झाला, नऊ दिवस जगला. मी आष्टीकडं मोजणीवर होतो. तार मला शोधत फिरली, आणि मी पोचलो तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. सगळं उरकलेलं होतं.

"नेलं कुनी?"

"मेव्हण्यानं. दिगंबरनं."

"मंग मामाच्या हातानं गेलं. चांगलं झालं."

"त्यात चांगलं काय, मावशी?" माझा आवाज चढला. बशीरभाईंनी मान वर केली. "माझ्या मुलाचं तोंड मी बघितलं नाही. एक दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

हेच मी त्या दिवशी कळंबला चारचौघांत दिगंबरला बोललो होतो. तो खाली मान घालून उभा राहिला. मी दुपारच्या गाडीनं परत फिरलो. नंतर मंदाचं पत्र आलं, 'घरी कधी नेता' असं विचारणारं. मी उत्तर लिहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला राग हवा होता. राग नसता तर त्या जागी जे आलं असतं, त्याला मी भीत होतो.

गयनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "शनवारी सकाळी या. हद्द दावनारी मानसं आनते."

"कुठून आणणार?"

"उद्या बाजार हाय," ती म्हणाली आणि तांब्या घेऊन निघून गेली.

गुरुवारचा आठवडी बाजार. वीस-पंचवीस गावच्या बाया तिथं येतात. सूनबाई भावजयीला भेटते, भावजय आपल्या नवऱ्याला निरोप देते. सरकारी कागद सहा महिन्यांत पोचत नाही तिथं हा निरोप दोन दिवसांत पोचला.

शनिवारी सकाळी मी आलो तर लिंबाखाली बाया बसल्या होत्या. म्हाताऱ्या, मधल्या, दोघीतिघी अगदी कोवळ्या. गावातले पुरुष खूप मागं, मारुतीच्या पाराशी थांबले होते. पाटलांनी लांबूनच हात जोडले.

"माणसं कुठं आहेत?" मी गयनाबाईला विचारलं.

"येतील."

आम्ही वाट बघत बसलो. ऊन तापलं. टेकडीखाली पुन्हा ते पाणी दिसायला लागलं आणि त्या पाण्यातून एक माणूस चालत आला. पाय दिसत नव्हते, नुसतं धोतर आणि पागोटं. जवळ येता येता त्याला पाय फुटले. त्याच्या मागं आणखी दोघे. उजव्या बाजूनं सायकल हातात धरून एक. घाटाच्या अंगानं पाचसहा जण एका ओळीत. चारी दिशांनी माणसं येत होती, घाई न करता. लिंबापाशी कुणी थांबलं नाही. बायांकडं एकदा बघायचं, वहाणा काढायच्या आणि माळावर शिरायचं. आत गेल्यावर प्रत्येक जण जरा घुटमळायचा, इकडंतिकडं बघायचा आणि एका जागी उभा राहायचा.

तासाभरात सदतीस माणसं उभी राहिली. कालपर्यंत मला जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं आता एका जागेचा आकार दिसत होता. मी आयुष्यात पुष्कळ हद्दी पाहिल्या. बांध, नाले, दगड, कुंपणं. माणसांची हद्द तेवढी एकदाच पाहिली.

"साहेब," बशीरभाई अगदी हळू म्हणाले, "साखळी धरू?"

मी वहाणा काढल्या. मग लिंबाच्या मुळापाशीच अडलो. मीही कुणाचा तरी बाप होतो. गयनाबाईला ते कळलं असावं. "जा," ती म्हणाली. "तुमचं हितं न्हाई. तुमचं त्याच्या आजोळी हाय."

आम्ही कडेकडेनं एकेका माणसापासून दुसऱ्यापर्यंत मापं घेत निघालो. मी वही उघडली. "नाव सांगा."

"सारजा."

"तुमचं नाव."

"माझ्या नावाचं काय करता? सारजाचं हाय हितलं."

मी लिहिलं, सारजाचा भाऊ. पुढचा मुक्ताचा भाऊ. त्याच्या पुढचा गंगूबाईचा. जागा नक्की हीच कशावरून, हेही मला लिहून घ्यायचं होतं. पंचनाम्यात पुरावा लागतो. म्हणून मी विचारलं आणि ती माणसं सांगायला लागली.

सारजाचा भाऊ म्हणाला, "हितून तिच्या घराच्या छपराचं आडं दिसतं. दिसंल अशीच बगितली जागा."

मुक्ताच्या भावानं सीताफळीचं झुडूप दाखवलं. "तवा एवढं नव्हतं. म्हनलं, पुढं वाढंल, सावली व्हईल."

गंगूबाईचा भाऊ दांडगा गडी होता, कधीकाळी कुस्तीच्या फडात उतरत असावा. माती देताना त्याच्याजवळ दुसरं कापड नव्हतं. डोक्याचा पटका सोडून त्यानं लेकराला गुंडाळलं आणि आठ कोस बोडक्यानं घरी गेला. वाटेत जो तो विचारायचा, का रे, पटका कुठं हरवलास? "हरवला म्हनून सांगितलं," तो म्हणाला. बोलता बोलता त्याचं नाक लाल झालं. "बावीस वर्सं झाली. आज पयल्यांदा कुनाला सांगतुया. भनीला कसं सांगावं? अन् दाजी तर इचारीतच न्हाईत. मामाला कुनीच काय इचारीत न्हाई, सायब."

मी वहीत काहीच लिहिलं नाही. पेन्सिल नुसती कागदावर टेकून ठेवली होती. ह्या माणसाच्या दाजींना मी ओळखत नव्हतो. पण ते कसे असतील हे मला अगदी नीट ठाऊक होतं.

शेवटचा कोपरा राहिला होता, टेकडीच्या अंगाचा. खडीवाल्यांना नेमका तोच हवा होता. तिथं गयनाबाईचा भाऊ लिंबाजी उभा होता. पंच्याहत्तरीचा म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बैलगाडीतून आला होता. त्याला जागा सापडत नव्हती. चार पावलं इकडं, चार तिकडं. काठीनं चाचपायचा आणि मान हलवायचा. छत्तीस माणसं आपापल्या जागेवर थांबून त्याच्याकडं बघत होती. लिंबाखाली गयनाबाई उठून उभी राहिली होती. तिला पुढं जाता येत नव्हतं.

"इथंच कुठंतरी धरू या का, बाबा?" मी म्हणालो. "अंदाजानं?"

"अंदाजानं?" म्हातारा चिडला. "भाचरं हायेत माजी. अंदाजानं निजवली न्हाईत."

त्यानं काठी टाकून दिली. मग डोळे मिटले. नाही तरी त्यांचा उपयोग नव्हता. अनवाणी पाय घासत घासत तो तापलेल्या दगडावरून चालायला लागला. बराच वेळ चालला. मला वाटलं, आता पडतो. एका जागी त्याचे पाय थांबले, बोटं आत रुतवल्यासारखी हलली.

"हितं," तो म्हणाला. "समद्या माळावर दगूड हाय. सकाळधरनं मऊ जागा धुंडीत फिरलो व्हतो, पयल्या येळंला. म्हनलं, पोराला टोचाया नको. हितं माती हाय. दुसरं हितंच. तिसरं बी हितंच."

बशीरभाईंनी साखळीची लोखंडी खुंटी काढली. सबंध माळावर ती ठोकताना खणखण वाजली होती, बोटभरही आत गेली नव्हती. इथं त्यांनी नुसती हातानं दाबली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. बशीरभाईंनी ती लगेच वर काढून घेतली, हातानं माती सारखी केली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

लिंबाखाली गयनाबाई मटकन खाली बसली. लांबून तिचा आवाज आला नाही. तोंडाला पदर लावलेला तेवढा दिसला.

दुपारी मी तिथंच बसून कच्चा नकाशा पुरा केला. साक्षीदार म्हणून सदतीस अंगठे आणि सह्या घेतल्या. वापराच्या रकान्यात आधी 'दफनभूमी' लिहिलं. मग त्याच्या पुढं, ठळक, 'आजोळ'. सोमवारी साहेब माझ्यावर ओरडले. हा काय रेकॉर्डला चालणारा शब्द आहे का, म्हणाले. मी सदतीस सह्यांचा कागद पुढं केला. तो त्यांना फाडता आला नाही, आणि खडी केंद्र दुसरीकडं गेलं.

पण ते सोमवारचं. शनिवारी मी बशीरभाईंच्या हाती साखळी दिली आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. रविवारी सकाळी कळंबला उतरलो. सासुरवाडीच्या दारात दिगंबर सायकलची चेन बसवत होता. मला बघून उठला. हात काळे होते, म्हणून पाया पडावं की नाही त्याला कळेना.

"या, दाजी," तो म्हणाला. आत वळून हाक मारायला लागला, "ताई..."

"थांब," मी म्हणालो. "आधी तुझ्याकडं काम आहे."

तो थांबला. चार महिन्यांपूर्वी उभा होता तसाच, मान खाली घालून. पुन्हा बोलणी बसणार असं त्याला वाटलं असावं.

"त्या दिवशी तू त्याला कसं नेलंस, ते मला सांग."

दिगंबरनं वर पाहिलं. बराच वेळ तो चिंधीनं हात पुसत राहिला. आत मंदा दाराशी येऊन उभी राहिली होती. ती किती वाळली होती ते मला तेव्हा दिसलं.

"लगेच नाही नेलं," तो म्हणाला. "सकाळी आठाला गेलं ते. सगळे म्हणाले, उरका. मी म्हणालो, दाजी येतील. घरात रडारड चाललेली, ताईला सोसेना. मग मी त्याला दुपट्यात घेतलं आणि स्टँडवर जाऊन बसलो. म्हटलं, तुम्ही उतरलात की आधी तुमच्या हातात देतो. बीडकडून येणाऱ्या पाच गाड्या बघितल्या. दिवस मावळायला आला तेव्हा शेवटच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, आता उद्या. मग नेलं."

"दिवसभर? स्टँडवर?"

"मांडीवर होता. लोकांना वाटलं झोपलाय. शेजारी एक बाई बसली होती, ती आपली हळू बोलायची, त्याची झोप मोडू नये म्हणून. जाताना तिनं विचारलं, मामाकडं चाललाय वाटतं?" दिगंबरनं चिंधी बाजूला ठेवली. "मी म्हणालो, नाही. बापाची वाट बघतोय."